घुमटाखालची जागा

सासूबाईंच्या पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तेव्हा वहिनीच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. त्या काही तपासून घ्यायला आल्या नव्हत्या. डॉक्टर सुनेचं काम नेमकं असतं तरी कसं, ते बघायला म्हणून दुपारच्या वेळी दवाखान्यात आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या की उजव्या बरगडीखाली हल्ली जड जड वाटतं. वहिनी म्हणाली, झोपा जरा, बघते. तिने दिवा मालवला, जेल लावलं, आणि पडद्यावर ते उमटलं. मोसंबीएवढी गाठ, आणि तिच्याभोवती लहान लहान गाठींची पिलावळ. सासूबाई छताकडे बघत विचारत होत्या, हे चिकट कपड्यांना लागलं तर डाग पडतो का. वहिनी म्हणाली, नाही पडत.

वर्ष संपायच्या आत त्या गेल्या.

तिला वहिनी सगळेच म्हणत. नवऱ्याची धाकटी बहीण म्हणायची म्हणून नवऱ्याच्या हाताखालची माणसं म्हणू लागली, मग शेजारी, मग तिच्याच दवाखान्यातली नर्स. नवऱ्याला सगळे दादा म्हणत. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्या भरवशावर वरखाली व्हायच्या. आणि नणंदेला वहिनी म्हणायची ‘वन्सं’. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी थट्टेत हा जुना शब्द काढला आणि तो चिकटला तो चिकटलाच. मात्र वन्सं म्हणून झालं की पुढे सरळ ‘अगं-तुगं’.

सासूबाईंच्या रक्तात हेपॅटायटिस बीचा विषाणू निघाला होता. आईकडून तो जन्माच्या वेळीच मुलांकडे येऊ शकतो, म्हणून वहिनीने दोघा भावंडांचं रक्त तपासायला लावलं. दोघांच्याही रक्तात तो होता. दुखत-खुपत काही नव्हतं. विषाणू वर्षानुवर्षं मुकाट राहतो, यकृताला आतल्या आत वण पाडत जातो, आणि मग कधीतरी त्या वणांमध्ये एखादी गाठ धरते. ती लहान असेपर्यंत माणसाला पत्ता नसतो, आणि पत्ता लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. गोळ्या सुरू झाल्या. शिवाय दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, आयुष्यभर, असं ठरलं.

वन्सं पोहायला शिकवायची. लग्न केलं नव्हतं, दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची, आणि तपासणीचा दिवस कधी चुकवायची नाही. सकाळची तुकडी आटोपून यायची, केसांना तलावातल्या क्लोरीनचा वास, खांद्यावर टॉवेल. टेबलावर पडल्या पडल्या तिची बडबड सुरू व्हायची. पाण्याला घाबरणारा बँक मॅनेजर, नाकाला चिमटा लावूनच घरून निघणारी आजी. वहिनी हसत हसत प्रोब फिरवायची. वन्संचं यकृत आईसारखंच खडबडीत झालं होतं, सगळीकडे बारीक गाठाळ. पण त्यात वेगळं, बोट ठेवावं असं काही नसायचं.

दादा पहिली काही वर्षं आला. मग अंग सुटलं, कामं वाढली, आणि तपासणी हसण्यावारी जाऊ लागली. तो म्हणायचा, “तुझ्या मशीनला माझं पोट झेपत नाही. वजनाची मर्यादा लिहून लाव, आमच्या लिफ्टमध्ये लावतो तशी.” वहिनी रागावायची, अबोला धरायची, गोड बोलून बघायची. तो पुढच्या आठवड्याचं नाव काढायचा. घरातल्या घरातच डॉक्टर असली की असं होतं. कधीही जाता येतं म्हणून माणूस कधीच जात नाही.

त्या सकाळी वन्सं आली तेव्हा नेहमीसारखीच आली. वहिनीने नेहमीसारखंच डावा भाग पाहिला, मग उजवा, मग तिला डाव्या कुशीवर वळवलं. यकृताचा अगदी वरचा भाग छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याच्या घुमटाखाली दडलेला असतो. पुढे बरगड्या, वर फुफ्फुस. आणि फुफ्फुसातल्या हवेतून सोनोग्राफीचा आवाज पार जात नाही, त्यामुळे तिथे नुसती सावली दिसते. खोल श्वास घेतला की यकृत थोडं खाली सरकतं आणि त्या जागेची एक फट दिसते. बहुतेक लोकांचा श्वास तेवढ्यात सुटतो.

“श्वास घे. धर,” वहिनी म्हणाली.

वन्संने छाती भरून श्वास घेतला आणि धरला. ‘सोड’ म्हणेपर्यंत ती सोडायची नाही, ती तिची खोडच होती. वहिनी तिला कधी मुद्दाम ताटकळत ठेवायची. त्या दिवशी वहिनीने प्रोब दोन बरगड्यांच्या मधे दाबला, वर कलता केला, आणखी थोडा कलता केला. सावलीची कड मागे हटली. तिच्यामागून एक काळसर गोल ठिपका वर आला, शर्टाच्या कॉलरच्या बटणाएवढा.

वहिनी ‘सोड’ म्हणाली, वन्संने श्वास सोडला आणि ठिपका सावलीत गेला.

“पुन्हा घे.”

पुन्हा तो आला. वहिनीने चित्र थांबवलं, मोजलं, पुढे गेली, मागे आली. शीर असेल, आडवी कापली गेलेली, म्हणून तिने रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारं बटण दाबलं. शीर नव्हती. भोवतालच्या खडबडीत राखी जागेत तो एकटाच गुळगुळीत होता. खोलीत मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी होती. बँक मॅनेजरची गोष्ट अर्धवट राहिली होती आणि पुढे काय झालं हे विचारायचं वहिनीला भान राहिलं नव्हतं.

“वहिनी, तू गप्प झालीस,” वन्सं म्हणाली. तोंड भिंतीकडे होतं, ती वळली नाही.

“एक जागा नीट बघायची आहे.”

“आईच्या वेळी पण तू अशीच गप्प झाली होतीस. आईनं सांगितलं होतं मला. म्हणाली, सून चांगली आहे, पण तिला खोटं बोलता येत नाही.”

वहिनीने जेल पुसायला कागद दिला. तिने खरं तेच सांगितलं: ठिपका आहे, लहान आहे, काय आहे ते सोनोग्राफीवर कळत नाही, शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन करायचा. वन्संने सगळं ऐकून घेतलं, केस बांधले, आणि एकच गोष्ट मागितली. पक्कं कळेपर्यंत दादाला सांगायचं नाही. आई गेल्यानंतर तो महिनोन् महिने कसा जेवत नव्हता ते तिने पाहिलं होतं. हे कानावर गेलं तर तो स्वतःच्या तपासणीला तर मुळीच येणार नाही, तिचीही धड होऊ देणार नाही.

वहिनीने मान डोलावली. त्या रात्री जेवताना दादा कुठल्याशा इमारतीतल्या लिफ्टची गोष्ट सांगत होता, कशी ती बोलावल्याशिवाय आपोआप तळघरात जाऊन उभी राहायची. समोर बसलेल्या माणसाच्या शर्टाच्या बटणांकडे तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती.

सीटीवर ठिपका औषध येताच उजळला आणि भोवतालचं सगळं उजळलेलं असताना विझून काळा पडला. यकृताच्या कर्करोगाची ती ओळख वहिनीने विद्यार्थिदशेपासून शेकडो वेळा वाचली होती, इतरांना शिकवली होती. ती रिपोर्टच्या कागदावरून वर बघेचना तेव्हा वन्संच म्हणाली, “चल, कुठेतरी चहा घेऊ.”

दादाला कुणी सांगायच्या आधीच कळलं. बहिणीचा फोन लागेना म्हणून त्याने तलावावर फोन केला, तर तिथे कळलं की मॅडम रजेवर आहेत, दवाखान्यातलं काहीतरी आहे. तो घरी आला, आणि हाताचं ग्रीस बेसिनवर धुवत राहिला, ते निघून गेल्यावरही धुवत राहिला. वहिनी मागे उभी राहून बोलली. सगळं झाल्यावर त्याने नळ बंद केला.

“केवढी आहे?”

“लहान. अगदी लहान.”

“आईची केवढी होती?”

ते त्याला माहीत होतं. तो बाहेर गेला आणि बराच वेळ जिन्यात बसून राहिला.

गाठ एकच होती आणि लहान होती, म्हणून सुईने आतल्या आत जाळायची असं ठरलं. घोडं अडलं ते जागेवर. घुमटाखाली, फुफ्फुसाला खेटून. सुई जरा चुकली की छातीत. ज्या डॉक्टरांनी हे काम अंगावर घेतलं ते केस पिकलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, पूर्ण भूल देत नाही, बाई जाग्या असू देत, मी सांगेन तेव्हा श्वास धरतील; तोवर मला जागा दिसेल. वहिनीला त्यांनी प्रोब धरायला उभं केलं, कारण ती फट तिच्या हाताच्या ओळखीची होती.

सुई पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखी पुढे सरकत होती. “धरा,” डॉक्टर म्हणाले. वन्संने श्वास धरला. रेघ ठिपक्यात शिरली. तिच्या टोकाभोवती पांढरे बुडबुडे उठले आणि सगळी जागा धुक्यासारखी झाकून गेली. वन्संच्या कपाळावर घाम फुटला होता, ओठ घट्ट मिटलेले. वहिनीचा हात हलला नाही. हलला असता तर काय झालं असतं, हे तिला नंतर, घरी भाजी चिरताना सुचलं, आणि तिने सुरी खाली ठेवली.

जळलं सगळं. पुढच्या स्कॅनमध्ये तिथे फक्त एक मेलेला डाग होता.

वन्सं घरी आल्यावर थोड्याच दिवसांत वहिनी एका सकाळी पुढच्या रुग्णाला बोलवायला दाराशी आली, तर बाकावर रांगेत दादा बसलेला. नर्सने आत चला म्हटलं तरी उठला नव्हता. त्याचा नंबर यायचा होता. नंबर आल्यावर तो आत आला, शर्ट वर करून टेबलावर पडला आणि त्याने एकही विनोद केला नाही. वहिनी म्हणाली, शेजारच्या डॉक्टरांना बोलावते, आपल्या माणसाचं आपण बघू नये. तो म्हणाला, “तूच बघ.”

चरबीतून आवाज आत पोचेपर्यंत विरून जात होता. चित्र धुरकट, खोलवरचं काही सुटं होत नव्हतं. श्वास धर म्हटलं की त्याला खोकला यायचा. वहिनीने त्याला कुशीवर वळवलं, बसवलं, पुन्हा निजवलं. जेवढं दिसलं तेवढं ठीक होतं. घुमटाखाली नुसती सावली होती, आणि त्या सावलीमागे काय आहे हे तिला कोणत्याही कोनातून दिसेना. तिचं मनगट दुखायला लागलं तरी ती थांबेना. शेवटी दादानेच तिचा हात धरला.

एमआरआय झाला. रिपोर्ट येईपर्यंत दोघांचा जीव टांगणीला लागला होता. वहिनीने मनात त्याच्या आजाराची, ऑपरेशनची, रिकाम्या घराची सगळी तयारी करून ठेवली होती. रिपोर्ट स्वच्छ आला. एमआरआयवाल्या डॉक्टरांना तिने फोन करून पुन्हा बघायला लावलं. त्यांनी पुन्हा बघितलं, स्वच्छच होतं.

दादाला आनंद झाला नाही. रिपोर्ट घडी करत तो म्हणाला, “मी एक पथ्य पाळलं नाही. ती एक तारीख चुकली नाही. आणि हे तिला.” तेव्हापासून तो चुकला नाही. दर सहा महिन्यांनी रांगेत बसायचा, कुशीवर वळायचा. थोडा बारीकही झाला. वहिनी बघायची आणि सांगायची, काही नाही.

वन्संला मात्र आता दर तीन महिन्यांनी यावं लागे. ती पुन्हा तलावावर जाऊ लागली होती. पहिल्या दोन खेपा चांगल्या गेल्या. तिसऱ्या खेपेला वहिनीने डावा भाग पाहतानाच, सुरुवातीलाच, एक ठिपका पाहिला. लपलेला नव्हता, श्वासबीस काही धरायला लागलं नाही, उघड्यावर होता. त्याच्या पलीकडे आणखी एक. मागच्या खेपेची चित्रं तिने उघडली. त्या जागी तेव्हा काही नव्हतं.

“बोल,” वन्सं म्हणाली.

“दोन आहेत. नवीन.”

वन्संने कागद घेऊन जेल पुसलं. मग म्हणाली की तलावात कधी कधी शेवाळ धरतं, कितीही घासलं तरी पुन्हा येतं, तेव्हा अख्खं पाणी काढून टाकतात. वहिनीने सांगितलं, तेच करावं लागेल. या यकृतात एक जाळलं की दुसरं उगवत राहणार, यकृतच बदलायचं. भावाचं चालणार नाही, त्याच्यातही तोच विषाणू. वहिनीने स्वतःच्या यकृताचा भाग द्यायची तयारी दाखवली, तपासण्याही केल्या, पण रक्तगट जुळेना. वन्संचं नाव प्रतीक्षायादीत गेलं. कुठल्यातरी अनोळखी घरात कुणीतरी जायचं आणि मग इथे फोन वाजायचा, याची वाट बघणं सुरू झालं. त्या वाट बघण्याची सगळ्यांनाच लाज वाटे, पण फोन कुणी नजरेआड होऊ देत नसे. लिफ्टच्या खड्ड्यात रेंज नसते म्हणून दादाने तिथे स्वतः उतरणं सोडलं.

दरम्यान ते दोन ठिपके वाढू नयेत म्हणून औषधं झाली, रक्तवाहिनीत नळी घालून गाठींवर उपचार झाले. वन्संचे डोळे पिवळे पडू लागले. आता ती पाण्यात उतरत नसे, काठावर खुर्ची टाकून शिट्टी वाजवायची.

फोन आला तेव्हा दादा न्हाव्याच्या खुर्चीत होता. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून तो धावत सुटला. वन्संला गाडीत घालून पोचेपर्यंत फेस वाळून खपली धरली होती. तिला आत नेताना ती त्याच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, दुसरा गाल करून घे.

ऑपरेशन दिवसभर चाललं. वन्सं वाचली. नवं यकृत पहिल्याच दिवशी कामाला लागलं. सर्जन थकून बाहेर आले आणि दादाने त्यांचे दोन्ही हात धरले.

नंतर वन्सं जागी होऊन पाण्याचे घोट घ्यायला लागली, तेव्हा वहिनी पॅथॉलॉजीच्या खोलीत गेली. तिला ते यकृत बघायचं होतं. इतकी वर्षं तिने ते फक्त राखी सावल्यांमध्ये पाहिलं होतं. पॅथॉलॉजिस्ट तिच्या ओळखीचे होते, सावकाश बोलणारे. ट्रेमध्ये यकृताचे पावासारखे काप ओळीने मांडलेले. चिमट्याने त्यांनी जाळलेली जागा दाखवली, पांढरट, मेलेली. मग ते दोन ठिपके. वहिनीने मान हलवली. हे तिला माहीत होते.

“आणि ही एक,” ते म्हणाले. चिमटा पुढे सरकला. “ही. आणि ही.”

वहिनी वाकली. तिसरी तर यकृताच्या ऐन मध्यात होती, जिथून तिचा प्रोब दर खेपेला जायचा. पहिल्यांदा सापडलेल्या गाठीपेक्षा मोठी.

तिने विचारलं, नक्की का. ते म्हणाले, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आहे, पण मला शंका नाही. तिचा चेहरा बघून त्यांनी समजूत घातली: “तुमची चूक नाही ही. भोवतालचं सगळंच गाठाळ आहे, त्यात ही वेगळी दिसणार कशी? सोनोग्राफीत कुणालाच दिसली नसती.”

चूक आहे म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. चूक सुधारता येते. तिने हातमोजे काढले, आभार मानले, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. रांगेतले चेहरे तिला आठवत होते. निश्चिंत होऊन, शर्ट खाली ओढत, बरं झालं डॉक्टर म्हणत बाहेर जाणारे.

ती घरी पोचली तेव्हा दादा फोनवर होता. वन्संने लापशी खाल्ली, नर्सला पोहायला शिकवते म्हणाली, हे सगळं तो कुठल्यातरी मावशीला रंगवून सांगत होता. किती महिन्यांनी त्याचा आवाज असा मोकळा झाला होता. वहिनी समोर बसली. तिने चप्पलही काढली नव्हती. त्याने फोनवर हात ठेवला आणि भुवया उंचावल्या.

“उद्या तुझा एमआरआय करू,” ती म्हणाली.

“आता? मागच्या महिन्यातच बघितलंस की. काही नाही म्हणालीस.”

“दिसलं नाही, एवढंच.”

त्याने फोन खाली घेतला. मग किती वाजता जायचं ते त्याने विचारलं, आणि तिने सांगितलं. फोनमधून मावशीचा बारीक आवाज येत होता, पुढे काय म्हणाली नर्स, हॅलो, पुढे काय झालं. दादाने फोन पुन्हा कानाला लावला, पण बोलणं कुठवर आलं होतं ते त्याला आठवेना.